तंजावरांतील दोन वंशावळी

खानदेशाच्या पश्चिम टोकाला, तापीच्या उत्तरेस, शहादें आणि तळोदें हे तालुके आहेत. १९९८ सालीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा काढलेल्या नंदुरबार जिल्ह्यांत ते मोडतात. येथील काळी जमीन कसणाऱ्या गुजर शेतकऱ्यांचे पूर्वज गुजराथेंतून आले. घरांत गुजरी बोली आणि बाजारांत मराठी, अशी त्यांची दुहेरी राहणी. मूळ ठिकाण सोडून आलेल्या अशा कुळांचा वृत्तांत दोन प्रकारच्या वह्यांत सांपडतो. एक वही भाटाची. गुजराथेंत त्याला वहीवंचा म्हणतात. तो दारीं येई, मागच्या पिढ्या मोठ्यानें वाचून दाखवी, नव्यानें जन्मलेल्या मुलांचीं नांवें चढवी, आणि दक्षिणा घेऊन पुढच्या गांवीं जाई. दुसरी वही नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायाची. तींत अमुक गांवचा अमुक मनुष्य अमुक कार्यासाठीं आला, त्याचा बाप कोण, आजा कोण, भाऊ किती, एवढाच मजकूर असतो.

या दोन वह्यांतील फरक ध्यानांत घेण्याजोगा आहे. यजमानाच्या कुळाचा धागा एखाद्या रजपूत राण्याशीं जोडून दिला तर भाटाची दक्षिणा वाढण्याचा संभव असे. तीर्थोपाध्यायाला असा मोह नव्हता. हें कूळ आपल्याच यजमानांपैकीं आहे, एवढें सिद्ध झालें कीं त्याचें काम भागे. म्हणून भाटाची वही ऐकावयास गोड, आणि उपाध्यायाची वही पुराव्याला बळकट. वंशावळ हातीं आली म्हणजे ती कोणीं लिहिली याच्या आधीं ती कशासाठीं लिहिली हें विचारणें हिताचें.

समुद्र ओलांडून आलेल्या कुळाला मात्र भाट नसतो आणि तीर्थोपाध्यायहि नसतो. अशा कुळाचा माग कसा लावतात, याचें उदाहरण मराठी माणसाच्या परिचयाच्याच एका गांवीं आहे. तें गांव तंजावर. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनीं १६७५ च्या सुमारास तेथें राज्य मिळविलें, आणि पुढें सुमारें १८० वर्षें तमिळ मुलखांत मराठी दरबार नांदला. या राज्याला लागूनच समुद्रकांठीं तरंगंबाडी नांवाचें लहानसें बंदर आहे; युरोपियन त्याला ट्रांकेबार म्हणत. व्यंकोजींच्याहि आधीं, १६२० सालीं, तंजावरच्या नायक राजाशीं तह करून डेन्मार्कच्या लोकांनीं तें मिळविलें होतें. तेथें १७०६ सालीं डेन्मार्कच्या राजानें त्सीगेनबाल्ग आणि प्ल्यूत्शाऊ हे दोन जर्मन पाद्री धाडले, आणि त्यांच्यामागून आणखी कित्येक आले. खर्च डॅनिश राजाचा, शिक्षण बहुतेकांचें जर्मनींतील हाले गांवच्या फ्रांके यांच्या संस्थेंत, आणि भोंवतालचें राज्य भोसल्यांचें, असा हा तिहेरी प्रपंच होता.

१७३७ सालीं या बंदरावर योहान बाल्थाझार कोलहॉफ नांवाचा, पंचविशीच्या आगेमागें असलेला, तरुण पाद्री उतरला. तो पुन्हां मायदेशीं राहावयास गेला नाहीं. त्याचा मुलगा योहान कास्पर याच भूमींत जन्मला आणि येथेंच मेला. नातू ख्रिश्चन सॅम्युएल यानेंहि येथेंच आयुष्य वेंचलें. आजा आला तें साल १७३७ आणि नातू वारला तें साल १८८१. म्हणजे एकशेंचव्वेचाळीस वर्षें एका जर्मन कुळानें तीन पिढ्यांत एकच काम, बहुतांशीं एकाच मुलखांत, चालविलें.

या कुळाला जर्मन म्हणावें, पण जपून म्हणावें. मूळ पुरुष १७११ सालीं पोमेरानिया प्रांतांतील नॉयवार्प या पाणथळ किनाऱ्यावरील लहान गांवीं जन्मला. त्या वेळीं तो प्रांत स्वीडनच्या राजाचा होता. १७२० च्या तहानें तो भाग प्रशियाला मिळाला. म्हणजे जन्मानें स्वीडनची प्रजा, वाढत्या वयांत प्रशियाची, नोकरी डेन्मार्कच्या राजाची, आणि गांवाची शीव ओलांडली कीं पुढें मराठ्यांचें राज्य! जर्मनी नांवाचें एकसंध राज्य १८७१ सालीं झालें. तोंवर या कुळाचा नातूदेखील वृद्ध होत आला होता. आणि आज नकाशांत नॉयवार्प शोधूं गेल्यास जर्मनींत मिळणारच नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ सालीं तो भाग पोलंडकडे गेला आणि गांवाचें नांव नोवे वार्प्नो झालें. वंशशोधकाची पहिली ठेंच येथेंच लागते. माणसें जागच्या जागीं राहतात आणि देश त्यांच्या पायांखालून निघून जातो.

जर्मन मुलखांत भाटाचें काम चर्चची वही करी. धर्मसुधारणेनंतर, सोळाव्या आणि सतराव्या शतकांत, गांवोगांवच्या पाद्र्यांनीं तीन प्रकारच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला: बाप्तिस्मा, विवाह आणि दफन. बाप्तिस्म्याच्या नोंदींत मुलाचें नांव, आईबापांचीं नांवें, आणि धर्माचे आईबाप म्हणून उभ्या राहिलेल्या साक्षीदारांचीं नांवें असत. यांतील शेवटचा रकाना वरवर निरुपयोगी वाटतो, पण मुरलेला शोधक आधीं तोच पाहतो. कारण आप्त, शेजारी, धन्याचें घर, सोबतीचे लोक हे सगळे तेथें एकत्र भेटतात. सरकारी जन्ममृत्यूची नोंद साऱ्या जर्मन साम्राज्यांत १८७६ पासून सुरू झाली. त्याच्या मागें जावयाचें म्हणजे चर्चच्या वहीशिवाय गति नाहीं. तीस वर्षांच्या युद्धांत, १६१८ ते १६४८ या काळांत, गांवेंच्या गांवें जळालीं, आणि त्यांबरोबर वह्याहि गेल्या. पुष्कळ कुळांचा धागा त्या राखेशीं येऊन तुटतो.

या साध्या वह्यांचा पुढें एक भयंकर उपयोग झाला. १९३३ ते १९४५ या काळांत नाझी सरकारनें नोकरी, लग्न, शिक्षण अशा गोष्टींसाठीं आजा-आजीपर्यंतच्या कुळाचे दाखले मागितले. लोक गांवोगांवच्या पाद्र्यांकडे रांगा लावून बाप्तिस्म्याचे उतारे नेऊं लागले. ज्याच्या आजीचा दाखला चर्चच्या वहींत मिळाला नाहीं, किंवा ज्याचे आजे ज्यू निघाले, त्याची नोकरी गेली, पुढें घर गेलें, आणि लाखोंचे प्राण गेले. वही लिहिणाऱ्या दोनशें वर्षांपूर्वींच्या पाद्र्यानें मूल देवाच्या पदरीं घालण्यासाठीं लिहिलेलें अक्षर असें माणसाच्या गळ्याला फांस झालें. वंशावळीचा नाद निरुपद्रवी आहे असें मानणारांनीं एवढें लक्षांत ठेवावें.

तरंगंबाडीकडे परत येतां, तेथील कागदांचा साठा समृद्ध आहे. पाद्री हालेला नियमानें पत्रें आणि रोजनिशा पाठवीत. तेथें १७१० पासून त्या भागाभागांनीं छापून निघत, आणि मूळ कागद हालेच्या संस्थेंत आजहि जपून ठेवलेले आहेत. डॅनिश वसाहतीचे सरकारी कागद कोपनहेगनला गेले. पुढें कोलहॉफ कूळ इंग्रज संस्थांच्या सेवेंत आलें; कंपनीच्या मुलखांतील बाप्तिस्मे, विवाह आणि दफनें यांच्या नकला लंडनला जात असत, व आज त्या ब्रिटिश लायब्ररींत पाहावयास मिळतात. मद्रास सरकारनें १९०५ सालीं जे. जे. कॉटन यांच्याकडून इलाख्यांतील जुन्या थडग्यांवरील लेखांची यादी छापविली, तीहि या कामीं उपयोगी पडते. एका कुळासाठीं असे तीन देशांचे दरवाजे ठोठवावे लागतात.

आणि दरवाजे उघडले तरी सरळ उत्तर मिळतें असें नाहीं. एकच मनुष्य जर्मन पत्रांत योहान कास्पर आणि इंग्रजी कागदांत जॉन कॅस्पर होतो. अजाण शोधक त्याचे दोन भाऊ करून मोकळा होतो! तारखांचा घोळ आणखी निराळा. डेन्मार्कनें १७०० सालींच नवें ग्रेगोरियन पंचांग धरलें, आणि इंग्लंडनें १७५२ पर्यंत जुनेंच चालविलें. त्यामुळें तरंगंबाडीच्या डॅनिश ठाण्यांतील तारीख आणि त्याच किनाऱ्यावरील इंग्रजांच्या कडलूरची तारीख यांत अकरा दिवसांचें अंतर पडे. एका गांवाहून निघालेलें पत्र दुसऱ्या गांवीं, कागदावर पाहतां, लिहिण्यापूर्वींच पोंचलें असें दिसावें! शेजारच्या तंजावरच्या दरबारांत तर शक आणि संवत्सर चालत. तिन्हींचा मेळ घातल्याशिवाय कोणतीहि घटना कोणाच्या आधीं झाली हें सांगतां येत नाहीं.

नातवाचें ख्रिश्चन हें नांव पाहून कोणास वाटेल कीं, तें ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्झ या नामांकित पाद्र्यावरून ठेवलें असावें. कल्पना गोड आहे. पण त्या काळीं जर्मनांत हें नांव घरोघर होतें, आणि केवळ नामसाम्यावरून नातें जोडणें म्हणजे भाटाच्या वाटेनें जाणें होय. श्वार्ट्झचा आणि या कुळाचा संबंध याहून बळकट पुराव्यानें सिद्ध आहे.

श्वार्ट्झ १७२६ सालीं प्रशियांतील झोननबुर्ग येथें जन्मला, १७५० सालीं तरंगंबाडीस आला आणि १७७८ पासून तंजावरांत राहिला. तमिळखेरीज फारसी, हिंदुस्थानी आणि मराठीहि त्यानें आत्मसात केली. त्याच्या सचोटीचा लौकिक एवढा कीं, १७७९ सालीं इंग्रजांनीं हैदरअल्लीकडे बोलणें करण्यासाठीं त्यालाच श्रीरंगपट्टणास धाडलें. पुढें युद्ध होऊन तंजावरांत अन्नाचा दुष्काळ पडला, तेव्हां सरकारच्या शब्दावर धान्य न आणणारे शेतकरी त्याच्या शब्दावर घेऊन आले. हा मनुष्य जन्मभर अविवाहित राहिला. योहान कास्पर कोलहॉफला लहानपणापासून त्यानें आपल्यापाशीं ठेवून पुत्राप्रमाणें वाढविलें आणि शिकविलें. १७८७ च्या आरंभीं तरंगंबाडीस कास्परला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. त्याच्या बापाला या देशांत येऊन तेव्हां पन्नास वर्षें होत आलीं होतीं.

त्याच १७८७ च्या आरंभीं तंजावरच्या वाड्यांत दुसरा एक मुलगा दुसऱ्या बापाचा होत होता. तुळजाजी महाराज मरणपंथास लागले होते, आणि त्यांना मुलगा उरला नव्हता. भोसल्यांच्या दुसऱ्या शाखेंतील, १७७७ सालीं जन्मलेला, सरफोजी नांवाचा मुलगा त्यांनीं दत्तक घेतला, आणि श्वार्ट्झला बोलावून त्याला या मुलाचा पालक होण्याची विनंति केली. श्वार्ट्झनें तें दायित्व स्वीकारलें नाहीं. राज्यकारभार महाराजांचे भाऊ अमरसिंह यांजकडे सोंपवावा असें सुचविलें. थोड्याच दिवसांत तुळजाजी वारले.

पुढें जें घडलें त्यांत वंशावळीचा खरा जीव दिसून येतो. सरफोजी हा जन्मदात्या बापाचा एकुलता एक मुलगा, त्याचें वय उलटून गेलेलें, आणि दत्तक घेतेवेळीं महाराज भ्रमिष्ट, अशा कारणांनीं दत्तविधान शास्त्रविरुद्ध आहे, असें पंडितांकडून वदवून घेण्यांत आलें. मद्रास सरकारनें अमरसिंहास गादीवर बसविलें. मग मुलाचे हाल सुरू झाले. त्याला कोंडून ठेवलें, शिक्षण थांबविलें. आरंभीं पालकत्व नाकारणाऱ्या श्वार्ट्झला आतां गप्प राहवेना. त्यानें सरकारला पत्रामागून पत्रें लिहिलीं. १७९३ मध्यें सरफोजीला आणि तुळजाजींच्या विधवा राण्यांना मद्रासेस हलविण्यांत आलें, आणि तेथें गेरिके या दुसऱ्या जर्मन पाद्र्यानें त्याच्या शिक्षणावर लक्ष ठेविलें. दत्तकाचा प्रश्न पुन्हां पंडितांपुढें गेला, आणि या खेपेस उत्तर उलट आलें. शास्त्र तेंच, मुलगा तोच, पण व्यवस्था निराळी! १७९८ च्या जूनमध्यें सरफोजी गादीवर बसला. श्वार्ट्झ त्याच्या चार महिने आधीं, १३ फेब्रुवारीस, वारला होता. त्याच्या दफनास सरफोजी स्वतः आला. पुढें त्यानें विलायतेंत फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून तंजावरच्या किल्ल्यांतील चर्चमध्यें बसविलें. त्यांत मरणशय्येवरील श्वार्ट्झच्या बाजूला सरफोजीचीच मूर्ति आहे.

म्हणजे अविवाहित श्वार्ट्झला दोन मुलगे होते: एक कोलहॉफांचा आणि एक भोसल्यांचा. चर्चच्या कोणत्याहि वहींत तें नातें रक्ताच्या रकान्यांत बसणार नाहीं.

गादी मिळाली, पण राज्य राहिलें नाहीं. १७९९ च्या ऑक्टोबरांत झालेल्या तहानें साऱ्या मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. राजाला सालीना एक लक्ष स्टार पॅगोडा, म्हणजे सुमारें साडेतीन लक्ष रुपये, आणि निव्वळ उत्पन्नाचा पांचवा हिस्सा, एवढें ठरलें. त्यानंतर चार वर्षांनीं, शके १७२५ रुधिरोद्गारी संवत्सरांत, १८०३ च्या डिसेंबरांत, बृहदीश्वराच्या देवळाच्या प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीनें भोसले कुळाचा वृत्तांत कोरविला. लेखक दरबारचे बाबूराव चिटणीस, भाषा मराठी. मालोजी, शहाजीराजे, शिवाजी महाराज, आणि मग व्यंकोजींपासून तंजावरची शाखा थेट सरफोजीपर्यंत, असा त्याचा विस्तार. देशांतील मोठ्यांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते.

त्यांतील कांहीं सालांचा इतर कागदांशीं मेळ बसत नाहीं, आणि त्यावरून कोणी त्याला बखरीच्या मापानें मोजून बाजूस सारतात. तसें करणें रास्त नव्हे. हा लेख कोणीं, केव्हां आणि कोणाच्या डोळ्यांपुढें कोरला हें पाहिलें म्हणजे त्याचें मोल निराळें दिसतें. ज्याचें दत्तविधान एकदां खोटें ठरविलें गेलें, ज्याला अकरा वर्षें गादीपासून दूर ठेवलें, आणि गादी मिळतांच ज्याच्या हातून मुलूख गेला, त्या राजानें आपण कोणाचे कोण हें असें लिहून ठेविलें कीं, कोणत्याहि पंडिताला किंवा गव्हर्नराला तें पुसून टाकतां येऊं नये. फौज आणि तिजोरी हातांत नव्हती. देऊळ मात्र त्याच्याकडे राहिलें होतें. शाहादें-तळोद्याच्या भाटाची वही आणि हा शिलालेख एकाच जातीचे, पण येथें दक्षिणेचा प्रश्न नव्हता.

ज्या देवळावर तो कोरला त्याच्याच भिंतींवर राजराज चोळानें आठशें वर्षांपूर्वीं तमिळांत देणग्यांच्या याद्या कोरविल्या होत्या. त्यांत देवळाच्या सेवेंत आणलेल्या चारशें स्त्रियांचीं नांवें, कोणती कोठून आली आणि कोणत्या आळींत कोणत्या घरीं राहते, इतक्या तपशिलानें दिलीं आहेत. त्या याद्या धान्याचा हिस्सा वांटण्यासाठीं होत्या, वंश सांगण्यासाठीं नव्हत्या. आणि म्हणूनच त्या काळच्या सामान्य माणसांविषयीं त्यांतून जें कळतें तें कोणत्याहि राजवंशावळींतून कळत नाहीं. एकाच दगडावर भाटाची वही आणि उपाध्यायाची वही शेजारीं शेजारीं नांदत आहेत असें म्हटलें तरी चालेल.

योहान कास्पर कोलहॉफ सरफोजीच्या साऱ्या कारकीर्दीभर तंजावरांत होता. त्याचा बाप १७९० सालीं तरंगंबाडीस वारला होता. स्वतः तो १८४४ सालीं तंजावरास वारला. सरफोजी १८३२ सालींच गेला होता. पुढच्याच वर्षीं, १८४५ मध्यें, डेन्मार्कनें तरंगंबाडी इंग्रजांना विकून टाकली. ज्या डॅनिश राजाच्या खर्चानें आजा आला होता, त्याचा या मुलखाशीं संबंध तुटला. नातू तोंवर इंग्रज धर्मसंस्थेच्या सेवेंत रुजू झाला होता आणि तमिळ खेड्यांत काम करीत होता.

भोसल्यांची वंशावळ शिलालेखांत सरफोजीपाशीं थांबते. पुढचें पान सरकारी कचेऱ्यांत आणि कोर्टांत शोधावें लागतें. सरफोजीचा मुलगा शिवाजी १८५५ सालीं पुत्रावांचून वारला. कंपनीनें गादी खालसा केली, आणि वाड्यांतील खाजगी मालमत्तेवरहि शिक्कामोर्तब केलें. त्याची विधवा राणी कामाक्षीबाई हिनें मद्रासच्या सुप्रीम कोर्टांत फिर्याद लावून ती जिंकली. १८५९ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तो निकाल फिरविला. हें राज्यसत्तेचें कृत्य आहे, त्याचा न्याय कोर्टाला करतां येत नाहीं, असें ठरविलें. तरी पुढें १८६२ सालीं सरकारनें खाजगी मालमत्ता भोसले घराण्याला परत दिली. ख्रिश्चन सॅम्युएल कोलहॉफ तेव्हां हयात होता, आणि पुढें आणखी जवळजवळ वीस वर्षें तो तमिळ मुलखांतील आपल्या गांवकऱ्यांच्या बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या नोंदी स्वतःच्या हातानें लिहीत राहिला.